डॉलरची मागची बाजू

आयडेला पेंगेलीच्या उजव्या अंगठ्याला डोळा आहे, असं रीनोच्या एका जुगारघरात सगळे म्हणत. एकवीस वर्षांची झाली तशी ती तिथे सुट्टे देणारी म्हणून लागली होती. कमरेला जाड कापडाचा खिसेवाला पट्टा, त्यात चांदीचे डॉलर भरलेले, आणि जुगाराच्या यंत्रांच्या रांगांमधून आठ तास पायपीट. घरी येऊन पट्टा सोडला की कमरेवर लाल वळ उठलेले असत. चांदीने बोटं अशी काळी होत की रविवारी चर्चला जाताना ती उन्हाळ्यातही हातमोजे घाली.

त्या दिवसांत नेवाडात कागदी डॉलर हातावर ठेवला तर माणूस तोंड वाकडं करी. डॉलर म्हणजे चांदीचा, टेबलावर टाकला की खणखणणारा. सगळे दिसायला सारखे. पुढे बाईचा मुखडा आणि साल, मागे पंख पसरलेला गरुड. पण गरुडाच्या खाली पानांची माळ असते आणि माळेच्या गाठीखाली टाकसाळीची खूण. आयडेला खिशातच अंगठा फिरवी. काहीच लागलं नाही तर नाणं फिलाडेल्फियाचं. एक अक्षर लागलं तर सॅन फ्रान्सिस्कोचं किंवा न्यू ऑर्लिन्सचं. आणि दोन बारीक ‘सी’ शेजारी शेजारी लागले तर कार्सन सिटीचं, म्हणजे डोंगरापलीकडच्या आपल्या टाकसाळीतलं, आपल्याच खाणीच्या चांदीचं. ती टाकसाळ कधीच बंद पडली होती. तिचं नाणं हाताला लागलं की आयडेला आपला कागदी डॉलर पट्ट्यात टाकी आणि ते बाजूला काढी. मुकादम बघून न बघितल्यासारखं करी.

नुसत्या खुणेने भागत नाही, हेही ती तिथेच शिकली. नाणं किती हातांतून गेलंय ते बघावं लागतं. बाईच्या कानावरचे केस आधी सपाट होतात, मग गाल. मागच्या बाजूला गरुडाच्या छातीवरची पिसं जातात. त्याच सालाचं, त्याच टाकसाळीचं नाणं, पण एकाने महिन्याचं वाणसामान यावं आणि दुसऱ्याने गाडी. तिथल्या जुन्या बायका नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावत, “नाणं उलटून बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही.”

आयडेलाने हा नियम सहा वर्षं पाळला. एकदाच मोडला.

साठ साली तिचं ऑरिन पेंगेलीशी लग्न झालं. ऑरिन कोरियाच्या लढाईतून परत आलेला, उंच, अबोल, हमरस्त्याच्या खात्यात सिमेंटकाम करणारा. पुलांच्या भिंती ओतायच्या आणि फळ्या काढल्यावर ओल्या गोणपाटाने वाळू-सिमेंट चोळून त्या गुळगुळीत करायच्या, हे त्याचं काम. टॉलिव्हर नावाच्या खाणीच्या गावात दोघांनी दोन खोल्यांचं घर केलं. ऑरिनच्या डब्यात रोज मांस-बटाटा भरलेली पेस्टी असे, त्याच्या आईच्या हातासारखी कडा दुमडलेली. आयडेला ती दुमड मुद्दाम सासूकडून शिकली होती. एवढा जीव होता.

बासष्टच्या मार्चमध्ये लोर्ना झाली. पोर जन्मतःच निळसर. डॉक्टरने छातीला नळी लावली आणि नजर चुकवली. बाप्तिस्मा घाईने उरकला. त्यांच्यात रीत अशी की बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मपित्याने पोराच्या मुठीत चांदीचा डॉलर ठेवायचा. मूठ मिटली तर पोर संसारी निघणार. धर्मपिता होता आयडेलाचा एझ्रामामा. त्याने लोकरी मोज्यातून एक डॉलर काढला. १८८९चा. त्याच्या बापाने टाकसाळीतून आला तसा ठेवलेला, कुणाच्या खिशात न गेलेला. आयडेलाने सवयीने अंगठा मागे फिरवला. दोन ‘सी’. मग उजेडात धरून पाहिलं. कानावरची बट न् बट मोकळी, गरुडाच्या छातीवर पीस न् पीस.

“मामा, हा मोज्यातच असू दे. ह्याची किंमत ठाऊक आहे ना तुला?”

“मला मुलगीच नाही,” एझ्रामामा म्हणाला. “मोज्याला काय करायचाय?”

लोर्नाची मूठ मिटली नाही. नाणं दुपट्यावर घरंगळलं आणि सगळे उगाच हसले. अकराव्या दिवशी ती गेली.

दगड ऑरिननेच केला. विकत आणायचा प्रश्नच नव्हता, माणसाचा हातच त्यातला. मागच्या पडवीत फळ्यांचा साचा केला, सिमेंट ओतलं, खिळ्याने नाव कोरलं. आयडेला पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती एवढंच म्हणाली, “तिचा डॉलर तिच्यापाशीच राहू दे.” ऑरिनने तो ओल्या सिमेंटमध्ये नावाच्या वर दाबला. मुखडा वर, गरुड खाली.

दफनानंतर चौथ्या दिवशी ती ऑरिनबरोबर पहिल्यांदा स्मशानात गेली. दगड सुंदर झाला होता, पुलाच्या भिंतीसारखा गुळगुळीत. ती गुडघ्यांवर बसली, नाव वाचलं, आणि मग तिची नजर नाण्यावर गेली. कानावरचे केस सपाट होते. गालही झिजलेला.

“हा लोर्नाचा नाही,” ती म्हणाली.

“तिचाच आहे. सिमेंटच्या पाण्याचा पापुद्रा चढला होता त्यावर. दगडाबरोबर घासून काढला.”

“घासून असे केस जात नाहीत, ऑरिन. हा वर्षानुवर्षं खिशांतून फिरलेला डॉलर आहे. दिवसाला हजार हाताळते मी. मला नको शिकवूस.”

“घासला, एवढंच.”

फाटकाबाहेर त्याचा ट्रक उभा होता. मागच्या दोन चाकांना कोरे टायर. ते तिने येतानाच पाहिले होते, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

“टायर कुठून आले?”

“जादा कामाचे मिळाले.”

“मग काढून दाखव तो. मागची बाजू दाखव मला.”

ऑरिनने दगडावर तळवा ठेवला. “दगड फुटेल.”

“फुटू दे. दुसरा कर.”

“तिच्या नावाचा दगड मी नाही फोडणार,” तो म्हणाला आणि ट्रककडे चालू लागला.

चोर असता तर काहीतरी बोलला असता, शपथ घेतली असती, हे आयडेलाला तेव्हा सुचलं नाही. तिला एवढंच दिसलं की दोन घाव घालून खरं-खोटं करता येत होतं आणि त्याने ते केलं नाही. खरं नाणं विकून टायर घेतले आणि मेलेल्या पोरीच्या दगडात फिलाडेल्फियाचं भंगार दाबलं. मुखडा वर ठेवला, कारण साल दिसलं पाहिजे आणि खूण दिसता कामा नये. सगळं कसं चपखल बसत होतं.

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. भांडण असतं तर बरं. आयडेला त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, आजारी पडला तर उशाशी बसायची. पासष्टमध्ये ट्रूडी झाली, म्हणजे तेवढंही होतं. पण मनात अढी बसली ती बसली. बोलणं कामापुरतं. पेस्टीची ती दुमड मात्र तिने सोडून दिली. कडा काट्याने दाबून टाकायची. ऑरिनने कधी विचारलं नाही.

चौसष्टमध्ये चांदीचे डॉलर यंत्रांतून नाहीसे झाले. लोकांनी पोत्यांनी घरी नेऊन ठेवले. सुट्ट्यांच्या पट्ट्यात हलकी खोटी नाणी आली आणि आयडेलाने काम सोडलं. अंगठ्याची सवय काही सुटली नाही. वाण्याकडेही ती मोड उलटून घेई. पुढे वर्तमानपत्रांत जुन्या नाण्यांचे भाव छापून येऊ लागले. १८८९, कार्सन सिटी, न वापरलेला, अमुक इतका. पाच-सहा वर्षांनी त्याच्या दुप्पट. पुन्हा दुप्पट. आयडेला तेवढा तुकडा कात्रीने कापी आणि ऑरिनच्या साखरेच्या भांड्याखाली ठेवी. बोलायची काहीच नाही. ऑरिन तो वाचे, घडी करी, सदऱ्याच्या खिशात ठेवी आणि कामाला जाई. ट्रूडी लहानपणी विचारी, “आई, बाबांना कसली चिठ्ठी?” आयडेला म्हणे, “त्यांना माहीत आहे.”

रविवारी दोघं चर्चमध्ये एकाच बाकावर बसत. प्रार्थनेत, आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो, ही ओळ आली की आयडेला ओठ मिटून घेई आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू करी. देवासमोर खोटं बोलायचं नाही, असा तिचा हिशेब. अठ्ठेचाळीस वर्षं तिला तो आपला प्रामाणिकपणा वाटला.

दर मे महिन्यात ऑरिन एकटा स्मशानात जाऊन दगडाभोवतीचं गवत उपटी. बादलीभर पाणी नेऊन दगड धुई. नाण्याला हात लावीत नसे.

दोन हजार दहामध्ये त्याची फुप्फुसं सिमेंटच्या धुळीने बसली. शेवटच्या आठवड्यात, ट्रूडी खोलीत असताना, तो म्हणाला, “मला लोर्नाच्या पायाशी ठेव. तिथे जागा आहे.”

“तिथे मी जाणार आहे,” आयडेला म्हणाली. “तुझी सोय सरकार करेल.”

ट्रूडीने आईकडे पाहिलं. ऑरिनने मान वळवली. त्याला नव्वद मैलांवर सैनिकांच्या दफनस्थानात ठेवलं, एकासारख्या एक पांढऱ्या दगडांच्या रांगेत. आयडेला त्या दिवशी गेली, पुन्हा गेली नाही. नंतर ट्रूडीला बापाच्या हत्यारांच्या पेटीत तंबाखूचा डबा सापडला. आत वर्तमानपत्राचे सगळे तुकडे, सालवार लावलेले. तिने डबा आईपुढे ठेवला. आयडेलाने झाकण लावून तो परत दिला.

“म्हणजे बोचत होतं त्याला,” ती म्हणाली.

तीन वर्षांनी खाण रुंद करायचं ठरलं आणि टॉलिव्हरचं जुनं स्मशान तिच्या वाटेत आलं. घरोघरी पत्रं आली. सगळ्या मृतांना दोन मैलांवर नव्या जागेत मानाने नेऊ, प्रत्येकाला सारखी पितळी पाटी देऊ, घरी केलेले दगड उचलताना फुटले तर जबाबदारी नाही. ज्यांनी शेजारची जागा राखून ठेवली आहे त्यांना नव्या जागेतही शेजार मिळेल.

ट्रूडीला वाटलं आई रडेल. आयडेलाने पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. “आता दगड फुटणार,” ती म्हणाली. पन्नास वर्षं गरुडाखाली काय आहे हे तिला ठाऊक होतं. आता सगळ्यांना दिसणार होतं. ती शहाहत्तर वर्षांची होती आणि मरायच्या आधी तिला खरं ठरायचं होतं.

ज्या दिवशी लोर्नाची पाळी आली त्या दिवशी ती सकाळीच खुर्ची घेऊन जाऊन बसली. खोदणाऱ्यांचा मुकादम गेन्ट्री नावाचा गडी होता, उन्हाने रापलेला, बोलका.

“बाई, हा दगड केला कुणी? माझ्या पोरांनी दोन छिन्न्या मोडल्या.”

“माझ्या नवऱ्याने.”

“पूल बांधायचे का काय?”

“हो, पूलच बांधायचे.”

“तरीच. ह्यावरून रेल्वे जाईल.”

तिसऱ्या छिन्नीला दगड तडकला. लोर्नाच्या नावाचे दोन भाग झाले. नाणं एका ढेकळासकट निघालं. गेन्ट्रीने हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकून ते मोकळं केलं आणि आयडेलाच्या तळव्यावर ठेवलं. तिने ते न बघताच उलटलं आणि अंगठा माळेच्या गाठीखाली नेला. अंगठ्याला सिमेंट लागलं. माळ, खूण, गरुडाचे पाय, सगळ्यावर जाड खपली बसलेली.

“काही नाही लागत,” ती म्हणाली.

“मग झालं ना मनासारखं,” ट्रूडी म्हणाली. “चल आता.”

“खपली आहे. कार्सनला चल. आत्ताच.”

कार्सन सिटीत उरुटिया नावाचा नाण्यांचा व्यापारी होता. बाप मेंढपाळ, हा गळ्यात भिंग अडकवून बसणारा. त्याने नाणं आधी मुखड्याकडून पाहिलं आणि नाक मुरडलं.

“ह्याला कुणी छळलंय एवढं?”

“मागची बाजू बघायची आहे,” आयडेला म्हणाली.

“सिमेंट काढावं लागेल. एरवी मी नाण्याला साधं फडकंसुद्धा लावू देत नाही कुणाला. पण ह्याचं आता आणखी काय वाईट व्हायचंय?” त्याने बशीत पातळ व्हिनेगर ओतलं, नाणं त्यात गरुड वर करून ठेवलं आणि लाकडी काडीने खपली सैल करत बसला. अर्धा तास लागला. आयडेला समोरच्या स्टुलावर ताठ बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ट्रूडीने पाणी विचारलं, तिने मान हलवली.

उरुटियाने नाणं पाण्यात धुतलं, टिपलं, भिंगाखाली धरलं. मग दिव्याखाली आणखी जवळ नेलं.

“बाई, हे आलं कुठून तुमच्याकडे?”

“खूण काय आहे?”

“दोन ‘सी’. पण खुणेचं सोडा. हे बघा.”

तिने भिंग घेतलं. चांदी करडी पडली होती, तेज गेलेलं. पण गरुडाच्या छातीवर पीस न् पीस होतं. माळेचं पान न् पान. गाठीखाली दोन ‘सी’, काल ठोकल्यासारखे.

“मुखडा झिजलेला आहे,” आयडेला म्हणाली. “कानावरचे केस. ते खिशात झिजलेत.”

“छे. खिशात गेलेलं नाणं दोन्ही अंगांनी झिजतं. खिसा काय बाजू बघून घासतो? इकडे तिरपं धरा. मुखड्यावर ह्या रेघा दिसतात? सगळ्या एका दिशेने. वाळू लावून कशाने तरी रगडलंय. गोणपाट असेल. एका बैठकीचं काम. मागची बाजू तेव्हा सिमेंटमध्ये होती, म्हणून वाचली.” तो हळहळला. “ज्याने केलं त्याला बिचाऱ्याला माहीत नसणार. चमकवायला गेला असेल. हे घासलं नसतं ना, तर कोरी गाडी आली असती तुमच्या दारात.”

“आणि आता?” ट्रूडीने विचारलं.

“आता घासलेलं, सिमेंट खाल्लेलं. तरी कार्सनचं आहे, ८९चं आहे. गाडी नाही, पण गाडीचे चार चांगले टायर येतील.”

आयडेलाने नाणं मुठीत घेतलं आणि स्टुलावरून उतरली.

गाडीत ती कितीतरी वेळ नाणं पालथं धरून बसली होती. मग म्हणाली, “मी फक्त मुखडा बघितला. आम्ही नव्या पोरींना सांगायचो, उलटल्याशिवाय बोलू नका.”

ट्रूडीने गाडी घराच्या रस्त्याला वळवली.

“त्याने एकदा तरी सांगायचं होतं मला. ओरडून.”

“त्यांनी सांगितलं होतं, आई. ‘घासला, एवढंच.’ तूच मला सांगायचीस ते, वेडावून, त्यांच्या आवाजात. मी लहान असताना.”

दुसऱ्या दिवशी आयडेलाने सैनिकांच्या दफनस्थानात न्यायला सांगितलं. तिथे दगडांच्या माथ्यावर येणारे लोक नाणी ठेवून जातात. नुसतं भेटून गेला तर सेंट, बरोबर लढलेला असेल तर दहा सेंट, मरताना जवळ असलेला पंचवीस ठेवतो. ऑरिनच्या दगडावर एकच सेंट होता, ट्रूडीचा. आयडेलाने पर्समधून डॉलर काढला आणि गरुड वर करून दगडाच्या माथ्यावर ठेवला. वारा होता, म्हणून वर बोट धरून उभी राहिली.

“हे बघ,” ती दगडाला म्हणाली. “बघितली मी मागची बाजू.”

“बाबांना काय दाखवतेस?” ट्रूडी म्हणाली. तिला तसं बोलायचं नव्हतं, पण बोलली. “त्यांना ठाऊकच होतं.”

आयडेलाने हळूच बोट उचललं आणि नाणं परत पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवारी लोर्नाची हातभर लांबीची पेटी नव्या जागेत उतरवली. आयडेलाने डॉलर गेन्ट्रीच्या हातात दिला. पेटीच्या झाकणावर ठेवायचा, मागची बाजू वर. गेन्ट्री खाली उतरला आणि सांगितलं तसं ठेवून आला. माती पडल्यावर त्याने कागद काढला. “आणि ही शेजारची, तुमची. सही करा म्हणजे राखून ठेवतो.”

“माझ्या नवऱ्याला इथे आणता येईल?”

“बाई, इथे फक्त जुन्या स्मशानातले. बाहेरचं कुणी नाही. कंपनीचा नियम.”

आयडेलाने कागदाची घडी केली. “मग ही दुसऱ्या कुणाला द्या.”

“आई,” ट्रूडी म्हणाली, “लोर्ना इथे एकटी राहील.”

“हो,” आयडेला म्हणाली. “राहील.”

सोमवारी तिने सैनिकांच्या दफनस्थानाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या मुलीने नाव, साल, ओळ सगळं नीट लिहून घेतलं. बायको असाल तर त्याच जागेत जागा मिळते, ती म्हणाली, वेगळी नाही. त्यांच्या पेटीच्या वर तुमची.

“आणि एक सांगून ठेवते, बाई, मागाहून लोक नाराज होतात. नवऱ्याचं नाव दगडाच्या पुढे असतं. बायकोचं मागच्या बाजूला कोरतात. रस्त्याने जाणाऱ्याला दिसत नाही.”

आयडेलाचा अंगठा सवयीने फोनच्या मागच्या बाजूवर फिरत राहिला. मुलीला वाटलं फोन तुटला.

“ऐकू येतंय का, बाई? चालेल ना?”

“चालेल,” आयडेला म्हणाली.